रोजच्या फोडणीतील हळद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गोरखपूर, जबलपूर येथे झालेल्या हळदीकुंकू समारंभातील भाषण)



हळदीकुंकवाच्या समारंभात हळदीवरच भाषण करावयाचे, यात नावीन्य ते काय, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. नावीन्य नाहीच. परंतु आम्हांस बोलावयाचे आहे ते करंड्यातील हळदीविषयी नव्हे. कपाळाला लागणारी हळद वर्षातून दोन-चार प्रसंगी हाताशी येते. मिसळणाच्या डब्यातील हळद दिवसातून दोन वेळा पोटात जाते. पहिलीचा मान आपण राखतो आणि दुसरीकडे पाहतही नाही, ही आमची तक्रार आहे.

आपण मराठी मंडळी नर्मदाकाठच्या या नगरीत एका वेळी किंवा एका कारणाने आलो नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलुखावर १८१७ पर्यंत होता आणि त्या काळाशी आपले नाते सांगणारी घराणी येथे आहेत. १९०४ मध्ये येथे तोफांच्या गाड्यांचा कारखाना निघाला, पुढे रेल्वे, न्यायालये व महाविद्यालये वाढली आणि त्या त्या नोकरीच्या निमित्ताने माणसे येत राहिली. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, हे आजच्या तरुण पिढीला सांगावे लागते. गोरखपुरालगतच्या हाऊबाग स्थानकावरून गोंदियाकडे जाणारी छोटी गाडी २०१५ साली बंद होऊन पुढे त्या मार्गावर रुंद रूळ आले. ती छोटी गाडी आपल्या कित्येक घरांचा माहेराशी असलेला धागा होती. त्या गाडीने येणाऱ्या ट्रंकांत व पिशव्यांत गोडा मसाला, आमसुले, मेतकूट असे आणि एका जाड कापडी पुरचुंडीत वर्षाची हळकुंडे असत.

आता गंमत पाहा. गोडा मसाला आजही आपण गावाकडून मागवतो. आमसुले कोकणातून कोणी येणार असेल तर आधी पत्र, आता फोन करून सांगतो. मेतकुटाचे प्रमाण सासूने सुनेला लिहून दिलेले असते. हळद मात्र आपण केव्हा मागवावयाची थांबलो, हे कोणाला आठवतही नाही. कारण उघड आहे. गोडा मसाला गोरखपूरच्या बाजारात मिळत नाही, म्हणून तो आपला; हळद कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, शेजारच्या पंजाबी, सिंधी, बुंदेली घरांतही तीच असते, म्हणून तिच्याविषयी काही राखावयाचे आहे असे आपणांस वाटलेच नाही. परप्रांतात माणूस दुर्मिळ वस्तूची काळजी घेतो आणि जी सर्वत्र मिळते तिच्या बाबतीत गाफील राहतो. आमच्या मते हळदीच्या बाबतीत हे गाफीलपण महाग पडण्याजोगे आहे. ते का, हे पुढे येईलच.

प्रथम ही वस्तू येते कोठून ते पाहू. महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळदीची लागवड होते आणि आठ-नऊ महिन्यांनी पीक काढणीस येते. जमिनीतून निघालेला कंद म्हणजे मधला गड्डा आणि त्याला फुटलेली बोटांसारखी हळकुंडे. हा ओला कंद तसाच वाळवला तर लवकर वाळत नाही आणि रंगही सारखा येत नाही. म्हणून तो आधी शिजवतात, मग उन्हात अनेक दिवस वाळवतात आणि शेवटी पिंपात घोळून त्याची साल घासून काढतात. या शेवटच्या क्रियेला व्यापारात पॉलिश म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

सांगलीची हळदपेठ आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तेथील हरिपूर गावी जमिनीत खणलेल्या पेवांतून हळद साठवण्याची रीत होती. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुतेक पेवांची हानी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याआधी, २०१६ मध्ये, ते वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला मिळाले होते, हे आपल्यातील थोड्यांना ठाऊक असेल. वायगाव म्हणजे नागपूरच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर. आपणां जबलपूरकरांना सांगलीपेक्षा कितीतरी जवळ. तिचा रंग गडद असून तिच्यात औषधी द्रव्याचे प्रमाण अधिक असते, अशी तिची ख्याती आहे. मराठवाड्यात वसमत व हिंगोली ही आज हळदीची मोठी केंद्रे झाली आहेत.

आता तिच्या गुणांविषयी. चरकसंहितेत हरिद्रेची गणना लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न अशा निरनिराळ्या गणांत केलेली आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते व्होगेल व पेलेत्ये या रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली वेगळे काढले आणि १९१० साली त्याची घडण निश्चित झाली. त्याला कर्क्युमिन म्हणतात. आपल्या डब्यातील चांगल्या हळदीत ते शंभरात सुमारे तीन भाग असते. गेल्या काही दशकांत या द्रव्यावर हजारो निबंध प्रसिद्ध झाले. परदेशात त्याच्या गोळ्या निघाल्या. २०१६ च्या सुमारास लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॉफीगृहांत हळदीचे दूध मोठ्या किमतीला विकले जाऊ लागले, आणि आपल्याच घरांतील ज्या मुलांनी ते दूध लहानपणी नाक दाबून प्याले होते ती मुले परदेशातून आईला फोन करून ते कसे करावयाचे हे विचारू लागली.

येथे आम्ही थोडे सावधपणे बोलू इच्छितो, कारण सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आपल्या वस्तूची वारेमाप स्तुती करणे सोपे असते. २०१७ साली अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरील संशोधनाचा साक्षेपी आढावा घेतला. माणसांवर झालेल्या शंभराहून अधिक चाचण्या पाहून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की कडक शास्त्रीय कसोटीवर यशस्वी म्हणावी अशी एकही चाचणी त्यांत नाही. याहून चिंतेची गोष्ट अशी, की इटलीत २०१९ मध्ये आणि पुढे अमेरिकेतही, हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृताला सूज आल्याचे नोंदले गेले. ज्यांना पित्ताशयातील खड्यांचा त्रास आहे किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना या गोळ्यांच्या वाटेस जाऊ नये. आपल्या पूर्वजांनी या उतावीळपणावर एक म्हणच करून ठेवली आहे: पी हळद आणि हो गोरी.

मग घरातील हळदीचे काय? थोडा हिशेब करू. चार माणसांच्या घरी वरण, भाजी, आमटी मिळून दिवसाला दोन लहान चमचे हळद लागते असे धरले, तर ती सुमारे पाच-सहा ग्रॅम झाली. म्हणजे माणशी दीड ग्रॅम हळद, आणि तिच्यात कर्क्युमिन सुमारे ४५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोज घेण्यास निर्धोक मानलेली मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. आपली स्वयंपाकातील हळद या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. उलट बाजारातील एकेका गोळीत ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक अर्क असतो. तेव्हा फोडणीतील हळद हे औषधही नव्हे आणि विषही नव्हे. ते अन्न आहे. पिढ्यान् पिढ्या ज्या प्रमाणात ती मानवली त्या प्रमाणात ती घ्यावी. हळदीमुळे डाळ डोळ्यांना व जिभेला रुचते, दुधी-पडवळासारखी भाजी मुले निदान ताटात घेतात, ही तिची कामगिरी कोणत्याही अर्काच्या गोळीपेक्षा आम्ही मोठी मानतो.

परंतु हे अन्न कसे शिजवावे, यातही शास्त्र आहे आणि ते आपल्या आयाआज्यांच्या हातांत होते. हळदीचा पिवळा अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. म्हणून आपली फोडणी. तेल तापले की मोहरी, ती तडतडली की जिरे व हिंग, आणि हळद सर्वांत शेवटी, आच मंद करून. तिच्या पाठोपाठ लगेच भाजी किंवा पाणी पडले पाहिजे. हळद कढत्या तेलात क्षणभर अधिक राहिली की ती तपकिरी होते, आणि मग साऱ्या भाजीला जो कडवटपणा येतो तो गुळानेही जात नाही. वरणासाठी डाळ शिजवताना तिच्यात हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घालावयाची रीत आहे. ते दोन थेंब केवळ उतू जाऊ नये म्हणून नसतात.

म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००७ साली स्वयंपाकाच्या आचेने हळदीचे काय होते हे मोजून पाहिले. साध्या शिजवण्यात कर्क्युमिनचा पाव ते निम्मा भाग नष्ट होतो आणि प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटे ठेवल्यास सर्वांत अधिक. पण त्याच पाण्यात चिंच असेल तर ही हानी पुष्कळ कमी होते, असे त्यांस आढळले. चिंचगुळाची आमटी करणाऱ्या घरांना हे वाचून समाधान वाटावे. आमचे म्हणणे एवढेच, की कुकर लावताना चिमूटभर हळद डाळीत घाला आणि उरलेली वरून द्यावयाच्या फोडणीत. दोन्ही वेळा थोडी थोडी.

मिऱ्याचेही असेच. १९९८ साली बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवून दिले, की शुद्ध कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील तिखट द्रव्य अल्प प्रमाणात दिले तर ते रक्तात उतरण्याचे प्रमाण वीसपटींनी वाढते. हा प्रयोग शुद्ध द्रव्यावरचा होता, डब्यातील हळदीवरचा नव्हे, हे विसरू नये. तरीही खोकला झालेल्या मुलाच्या दुधात हळदीबरोबर मिरपूड आणि तुपाचा थेंब घालणाऱ्या आजीचा हात योग्य ठिकाणी पडत होता, इतके म्हणावयास हरकत नाही.

काही बारीकसारीक गोष्टी. पालेभाजीत हळद घालू नये, हिरवा रंग मळतो. पालक-मेथी लसणाच्या फोडणीवरच चांगली. सोडा घालावयाच्या पिठात हळद असेल तर सोडा नीट मिसळावा, कारण क्षाराच्या संगतीत हळद लाल होते आणि ढोकळ्यावर तांबडे ठिपके उमटतात. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच तांबडा होतो तो याच कारणाने, आणि हळदीपासून कुंकू करण्याची जुनी कृतीही याच गुणधर्मावर उभी आहे. हळदीला ऊन सोसत नाही. डाग पडलेले वस्त्र उन्हात वाळवले की डाग फिका पडतो, तसेच काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवलेली हळदही. दळलेली हळद झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवावी. हिवाळ्यात आपल्या बाजारात ओली हळद येते. ती सोलून, पातळ चकत्या करून, आल्याबरोबर लिंबाच्या रसात व मिठात मुरवली की आठवड्याभरात जे लोणचे होते ते येथल्या जानेवारीतील मटाराच्या उसळीबरोबर खाऊन पाहावे. जबलपूरचा मटार आणि ही हळद यांची जोडी आम्हांस तरी नागपुरात मिळाली नाही. कोकणातील भगिनी मात्र हळदीच्या पानांसाठी हळहळतात. कुंडीत एक गड्डा लावावा. आपल्याकडे तो सहज रुजतो आणि श्रावणात नागपंचमीला पातोळ्यांपुरती पाने देतो.

या सर्व गोष्टी लिहिलेल्या कोठे आहेत? बहुतेक नाहीतच. आणि लिहिलेले नसले तर काय होते याचा धडा आपल्या देशाने घेतलेला आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याबद्दल एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले. जी गोष्ट आपल्या घरातील पोरसुद्धा जाणते तिची मालकी अशा रीतीने परदेशी कागदावर नोंदली गेली. डॉ. रघुनाथ माशेलकर हे तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने या एकस्वास आव्हान दिले. पण आमच्या आज्या हळद लावत, एवढे सांगून तेथे भागत नव्हते. छापील पुरावा पाहिजे होता. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख यांसह बत्तीस आधार सादर करण्यात आले, तेव्हा १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. पुढे अशा परंपरागत ज्ञानाचा मोठा संगणकीय संग्रहच आपल्या शासनाने उभारला. फोडणीत हळद केव्हा घालावयाची याचे कोणी एकस्व घेणार नाही, हे खरे. पण आपल्या सुना-मुलींना ते ठाऊक नसेल तर ते ज्ञान कोणी न पळवताही गेलेच.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला त्याकडे येतो. मघाशी पॉलिश हा शब्द ध्यानात ठेवावयास सांगितले होते. हळकुंड जितके पिवळे तितका त्यास भाव अधिक. म्हणून काही ठिकाणी घासताना वरून रंग चढवतात. मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग पूर्वीपासून कुप्रसिद्ध आहे. त्याहून घातक म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचा पिवळा रंग, जो फर्निचर व लोखंड रंगविण्यासाठी वापरतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची इजा करते आणि गरोदर स्त्रीच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोहोचते. २०१९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बांगलादेशात हे उघडकीस आणले. तेथील शासनाने धाडी घातल्या, दंड केले, लोकांत प्रचार केला. बाजारातील सुमारे निम्म्या नमुन्यांत शिसे होते ते २०२१ पर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे मनावर घेतले तर होते. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत आपल्या देशातील पाटण्याच्या बाजारातही अत्यंत अधिक शिसे असलेले नमुने आढळले, आणि ते मुख्यतः सुट्या, पॉलिश केलेल्या हळदीत.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. अखंड हळकुंड घेतले की भेसळ टळली, असे आपण मानतो. पूडबाजीतील पिष्ट किंवा भुसा त्याने टळतो, हे बरोबर. पण शिशाचा रंग अखंड हळकुंडावरच चढवतात. म्हणून हळकुंड घेताना ते फार झगझगीत पिवळे असेल आणि चोळल्यावर बोटाला रंग लागत असेल तर घेऊ नये. मोडून पाहावे: चांगल्या हळकुंडाची साल मळकट, मातकट आणि आतला भाग केशरी असतो, जे बाहेरून आतल्यापेक्षा उजळ, ते संशयास्पद. दळलेल्या हळदीसाठी पेल्यातील पाण्याची परीक्षा प्रसिद्ध आहे. चमचाभर हळद पाण्यावर टाकली की शुद्ध हळद सावकाश तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे राहते, कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद होते. मात्र शिशाचा रंग पाण्यात विरघळत नसल्याने या परीक्षेत तो सापडेलच असे नाही. त्याला प्रयोगशाळाच पाहिजे, आणि एका कुटुंबाने दोन किलो हळदीसाठी प्रयोगशाळेत जावे हे व्यवहारात होणारे नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. चौघांच्या घरास वर्षाला सुमारे दोन किलो हळद लागते. पन्नास कुटुंबे एकत्र आली तर एक क्विंटल झाली. फाल्गुन-चैत्रात नवी हळद बाजारात येते. तेव्हा मंडळाने वायगावच्या शेतकऱ्यांकडून थेट, पॉलिश न केलेली हळकुंडे नागपूरमार्गे मागवावीत. पोती उघडल्यावर त्यांतील एक नमुना सरकारमान्य प्रयोगशाळेकडे शिशाच्या तपासणीसाठी पाठवावा. त्याचा खर्च पन्नास घरांत वाटला तर नगण्य होईल. अहवाल आल्याशिवाय वाटप करू नये. अहवाल मंडळाच्या फलकावर लावावा, म्हणजे शेजारपाजारच्या अन्य भाषिक कुटुंबांनाही तो पाहता येईल. त्यांना हवी असल्यास त्यांची मागणीही घ्यावी, हळद काही आपल्या एकट्यांची नाही.

दळणाचा प्रश्न राहतो. हळकुंड फार कडक असल्याने घरच्या मिक्सरचे पाते टिकत नाही; आधी खलबत्त्यात फोडून तुकडे करावे लागतात आणि मग गिरणीत न्यावे लागतात, तेही गिरणीवाल्याला आधी सांगून, नाहीतर आपल्यानंतरच्या गिऱ्हाइकाच्या कणकेची पोळी पिवळी होते. फोडण्याचे काम मंडळाच्या अंगणात एका रविवारी सर्वांनी मिळून करावे, असे कार्यकारिणीशी बोलणे झाले आहे. ज्येष्ठ भगिनींनी त्या दिवशी आपापल्या घरची फोडणीची रीत सांगावी आणि तरुण मुलींनी, आणि मुलांनीही, ती वहीत उतरून घ्यावी. नावे आज समारंभ संपण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत. लोखंडी खलबत्ते मात्र ज्यांच्याकडे असतील त्यांनी घरून आणावेत. मंडळाकडे एकच आहे आणि त्याचा बत्ता गेल्या दिवाळीपासून सापडत नाही.